लेऑफ, कपात आणि हिशेब

१९५३ साली देशातल्या कापड गिरण्यांच्या गोदामांत न खपलेला माल साचला आणि कामगारांना घरी बसवण्याची भाषा सुरू झाली. औद्योगिक विवाद कायदा १९४७ पासून अस्तित्वात होता, पण काम नसताना मजुरी किती द्यायची आणि माणूस कमी करताना त्याच्या हातावर काय ठेवायचे, याबद्दल त्यात काहीच नव्हते. केंद्र सरकारने वटहुकूम काढला. तो २४ ऑक्टोबरपासून, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर लागू झाला. त्यातूनच या कायद्याला ‘पाच-अ’ हे प्रकरण जोडले गेले. नोकरकपातीचा भारतीय कायदा असा मंदीतच जन्मला, आणि आजही त्याचा सांगाडा बराचसा तोच आहे.

या कायद्यात ले-ऑफ आणि कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयटी कंपन्यांच्या बातम्यांनी ‘लेऑफ’ हा शब्द नोकरी जाणे या अर्थाने रूढ केला. कायद्यातल्या ले-ऑफमध्ये मात्र नोकरी जात नाही. कोळसा नाही, वीज नाही, यंत्र बंद पडले किंवा माल तुंबला, म्हणून मस्टरवर नाव असलेल्या कामगाराला काम देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाळीच्या वेळी कामगाराने गेटवर हजर व्हायचे आणि दोन तासांत काम मिळाले नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरायचा. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्याला अशा दिवसाचे निम्मे मूळ वेतन आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. दुसऱ्याच्या जागी लावलेल्या ‘बदली’ कामगाराला हे पैसे मिळत नाहीत; पण वर्षभर सलग काम केलेल्याला ‘बदली’ म्हणून टाळता येत नाही.

कपात म्हणजे कायमचे कमी करणे. किती माणसांत धंदा चालवायचा हे मालकाने ठरवायचे, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. हेतू प्रामाणिक हवा, एवढीच अट. त्यामुळे मंदी खरी की खोटी यावर मालक सहसा हरत नाही. तो हरतो नोटिशीच्या कागदावर आणि पैसे दिल्याच्या तारखेवर. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि सरकारला कळवणे, अशा तीन गोष्टी लागतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड नोकरांचे प्रकरण १९६० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, ते रुग्णालय हा ‘उद्योग’ ठरतो का या प्रश्नासाठी गाजले. पण मालकांनी लक्षात ठेवावा असा भाग दुसराच होता: भरपाई न देता केलेली कपात मुळातच निरर्थक. आधी काढू, हिशेब सवडीने करू, ही सवय तिथेच महागात पडते. अलीकडे न्यायालये दर वेळी कामावर परत घ्यायला लावत नाहीत, बऱ्याचदा एकरकमी भरपाई देववतात. तरी तिथवर वर्षे जातात.

हिशेबातही एक खोच आहे. महिना २४,००० रुपये वेतनाच्या कामगाराची सेवा अकरा वर्षे सात महिने झाली, तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून बारा वर्षे होतात. कपातीच्या भरपाईत पंधरा दिवस म्हणजे निम्मा महिना, म्हणून १,४४,००० रुपये. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात मात्र महिना सव्वीस दिवसांचा, म्हणून तीच बारा वर्षे सुमारे १,६६,००० रुपयांची होतात. दोन्ही रकमा वेगवेगळ्या द्यायच्या असतात; एक दिली की दुसरी फिटत नाही.

कोणाला काढायचे, याचा नियम सोपा आहे: त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जातो. क्रम मोडायचा तर कारण लेखी नोंदवावे लागते. युनियनचा पुढारी नेमका यादीत आणि त्याच्या मागून आलेले चौघे कामावर, अशी यादी टिकणे कठीण. महाराष्ट्रात तर कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा स्वतंत्र कायदा अशाच वागणुकीसाठी होता.

कपात करायला किंवा कारखाना बंद करायला मोठ्या कारखान्यांना सरकारची परवानगीही लागते. आणीबाणीत, १९७६ साली, हे बंधन तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून आले. पुढे ते शंभरावर आणले गेले. मुंबईतल्या एक्सेल वेअर या कपडे शिवणाऱ्या कारखान्यात चारशेच्या आसपास कामगार होते. राज्य सरकारने तो बंद करायला परवानगी नाकारली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्यासंबंधीचे कलमच घटनाबाह्य ठरवले: धंदा बंद करण्याचा हक्क धंदा करण्याच्या हक्कात येतो, मात्र तोही निरंकुश नाही. सरकारने कलम नव्याने लिहिले. कपातीच्या परवानगीचे कलम १९९२ साली मीनाक्षी मिल्सच्या खटल्यात टिकले. परवानगीच्या भीतीने मालकांनी काय केले, ते कोणत्याही औद्योगिक वसाहतीत दिसते: कायम कामगार शंभराच्या आत आणि बाकीचे कंत्राटदाराच्या नावावर.

१९४७ च्या कायद्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. अर्जाला साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरायचे. नवी गोष्ट म्हणजे पुनर्कौशल्य निधी: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरायचे आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात पडायचे. ठरावीक मुदतीची नेमणूक मुदत संपताच संपते, ती कपात धरली जात नाही. परवानगीचे हे प्रकरण कारखाना, खाण आणि मळ्यापुरतेच आहे. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीला ते लागत नाही. तिथला प्रश्न वेगळा, कर्मचारी ‘कामगार’ आहे की नाही. पदनाम काय, यापेक्षा तो दिवसभर काय करतो हे न्यायालय पाहते. ‘मॅनेजर’ म्हणवणाऱ्याच्या हाताखाली कोणी नसेल आणि तो दिवसभर कोडच लिहीत असेल, तर पदनामाची पाटी फारशी कामी येत नाही. म्हणून तिथे कपातीऐवजी राजीनामा मागितला जातो. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कपात नव्हे. बंद खोलीत अर्ध्या तासात लिहून घेतलेला स्वेच्छेचा होता का, हे पुराव्यावर ठरते.

मंदी सरल्यावर भरती निघाली, तर काढलेल्यांना आधी विचारायचे, असे १९५३ पासून कायद्यात आहे. जुन्या कायद्यात या अग्रक्रमाला मुदत नव्हती. संहितेने ती कपातीपासून एक वर्षाची केली आहे.