नोकरी देणारे की नोकरी विकणारे?

"पाहिजेत! पाहिजेत! पाहिजेत!" लोकलच्या डब्यात, नाक्यावरच्या खांबावर, पोरांच्या हातातल्या मोबाईलवर, जिकडे पाहावे तिकडे हीच आरोळी. शिक्षण दहावी, अनुभवाची गरज नाही, पगार भरघोस, आजच भेटा! कामगार बंधूंनो, नोकऱ्या अशा रस्त्यावर सांडल्या असत्या, तर लालबाग-परळच्या चाळींतली धडधाकट पोरे भर दुपारी नाक्यावर कशाला बसली असती?

पोरगा जातो. इस्त्रीचा शर्ट घालतो, सर्टिफिकिटांची फाईल काखेत मारतो, गाडीभाडे उसने घेतो. तिथे काय दिसते? जाहिरातीत 'ऑफिसचे काम', प्रत्यक्षात दारोदार माल विकायचा. जाहिरातीत पगार, प्रत्यक्षात कमिशन. विकलेस तर खा, नाहीतर उपाशी राहा! दोन तास ताटकळवून मुलाखत दोन मिनिटांची. "इंग्रजी फाडफाड येते का? नाही? बरं, कळवू." ते कळवणे कधी येत नाही.

आणि जिथे जागच्या जागी 'सिलेक्ट' म्हणतात, तिथे तर जास्त जपा! पुढचे वाक्य ठरलेले असते : "रजिस्ट्रेशनचे भरा, ट्रेनिंगचे भरा, युनिफॉर्मचे भरा." आई गळ्यातले गहाण टाकते. आठ दिवसांनी पाहावे, तर दाराला कुलूप!

ही लूट नवी नव्हे. गिरणगावाने तिचा बाप पाहिला आहे. त्याचे नाव जॉबर! त्याच्या हाती भरती. त्याला दस्तुरी चारल्याशिवाय साच्याला हात लावायची सोय नव्हती. १९३१ साली रॉयल कमिशनने हा लाचेचा बाजार अहवालात नोंदवला आणि भरती जॉबरच्या हातून काढा, असे बजावले. १९३५ साली मुंबईच्या मालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. पण कार्ड म्हणजे काम नव्हे. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर रिकाम्या डब्यासारखे घरी! पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जॉबरही गेला. दस्तुरी मात्र जिवंत राहिली. आता तिला 'प्रोसेसिंग फी' म्हणतात, एवढाच फरक!

कायदा काय करीत होता? रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवण्याचा कायदा १९५९ साली झाला. तो अमलात आला १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिवशीच! २५ वा अधिक माणसे असलेल्या खाजगी मालकालाही तो लागू होता. पण जागा कळवली की संपले. माणूस तिथूनच घ्या, अशी सक्ती नव्हती. तीन महिन्यांच्या आतली कामे तर वगळलेलीच. आणि कळवले नाही तर? पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये! वाघ बांधायला सुतळी!

मे २०२४ मध्ये गिरगावातल्या एका नोकरीच्या जाहिरातीत मराठी माणसांनी येऊ नये, असे चक्क छापले होते. गवगवा झाल्यावर माफी मागितली गेली. ज्या मुंबईसाठी १०५ जणांनी रक्त सांडले, तिथे हा माज! तरी एक म्हणू : ती जाहिरात निदान जे मनात होते ते उघड बोलली. बाकीच्या गोड बोलून दारापर्यंत नेतात आणि मग हाकलतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जाहिरातीत मालकाचे नाव, पत्ता, पगाराचा आकडा, कामाचे तास आणि जागा किती, हे छापलेच पाहिजे. नोकरीच्या नावाने उमेदवाराकडून पैसा घेणाऱ्याला दंड नव्हे, तुरुंग दाखवला पाहिजे.

आणि घरोघरी एवढे सांगून ठेवा : जो कामाआधी तुमच्याकडेच पैसे मागतो तो मालक नव्हे, तो दलाल! नेमणुकीचे पत्र हातात पडल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. पोरगा फसला तर त्याला बोल लावू नका; त्याला घेऊन चारचौघे मिळून पोलीस चौकीत जा. मोबाईलवरून पैसे गेले असतील, तर त्याच घटकेला १९३० नंबर फिरवा. लाजेने गप्प बसलेल्या माणसाच्या जिवावरच या दलालांचे दुकान चालते.

गिरणी कामगार गेटवर एकटा उभा होता तोवर जॉबरचे राज्य होते. एकजुटीने उभा राहिला, तेव्हा मालकालाही खाली उतरावे लागले. पोरांना एकटे पाठवू नका!