पाण्याची साक्ष

प्रवाळांच्या टाकीसाठी कोणते टेस्ट किट घ्यावे, हा प्रश्न या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत इतक्या वारंवार विचारला जातो, की पत्रोत्तरांच्या सदरात दोन ओळींत त्याची बोळवण करणे आम्हांला यापुढे प्रशस्त वाटत नाही. विचारणाऱ्याची अपेक्षा बहुधा एखाद्या कंपनीचे नाव ऐकण्याची असते, आणि जर्मन, डच, इस्रायली वा अमेरिकन नाममुद्रांची यादी देणे अवघडही नाही. परंतु ज्या संचाने दिलेल्या एका आकड्यावर विसंबून आपण शेकडो लिटर पाण्यात डोस ओततो, तो संच म्हणजे आपल्या पाण्याविषयी जबानी देणारा साक्षीदारच होय. आणि त्याची निवड करताना, कोणत्या मुद्द्यावर त्याची साक्ष काढावयाची आहे, आणि त्या मुद्द्याइतकी त्याची नजर सूक्ष्म आहे की नाही, या दोन गोष्टी नाममुद्रेच्या कितीतरी आधी पाहिल्या पाहिजेत.

प्रारंभ लवणतेपासून व्हावा. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या महासागरांतून जमविलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिट्मार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण करून पाहिले, आणि १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात असे दाखवून दिले, की खुल्या समुद्राचे पाणी कोठे अधिक खारट व कोठे कमी खारट असले, तरी त्यातील प्रमुख क्षारांची परस्परांशी असलेली प्रमाणे जवळजवळ अढळ राहतात. या निष्कर्षाचा आपल्या दिवाणखान्यातील टाकीशी फार निकटचा संबंध आहे. हजार भागांत ३५ भाग लवणता असलेल्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४१२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, लवणता ३१.५ वर आली, की तेच कॅल्शियम सुमारे ३७० भरते, आणि मॅग्नेशियमादी इतर क्षारही त्याच हिशेबाने उतरतात. ज्याच्यापाशी लवणतेचे मापन विश्वसनीय नाही, तो गृहस्थ कॅल्शियमचा उत्तम संच वापरूनही कॅल्शियमच्या तुटवड्याची खोटी फिर्याद ऐकत राहतो आणि पाणी पातळ झालेले असताना कॅल्शियमची भर घालत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावला म्हणजे काम झाले, ही समजूत पुरेशी नाही, कारण शून्यावर बरोबर असलेले उपकरण ३५ वर चुकू शकते. ३६.५ ग्रॅम साधे मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळविले असता त्या द्रावणाचा वक्रीभवनांक ३५ लवणतेच्या समुद्रजलाइतका होतो. उपकरण या द्रावणावर जुळवून घ्यावे, आणि मगच इतर संचांच्या खरेदीचा विचार करावा.

यानंतरचा मुद्दा अल्कतेचा, आणि आमच्या मते सर्व निवडीचे मर्म याच ठिकाणी आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा रचतात. या बांधकामाच्या जमाखर्चात दर लिटरला २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते तेव्हा अल्कता १ मिलिइक्विव्हॅलंटने, म्हणजे टाकीवाल्यांच्या नित्य परिभाषेतील २.८ डीकेएचने उतरते. अर्थात अल्कता १ डीकेएचने उतरली असता कॅल्शियम अवघे ७ मिलिग्रॅमने उतरलेले असते. आता ४१२ मधून ७ वजा झाल्याचा सुगावा घरगुती कॅल्शियम-संचाला लागणे दुरापास्त आहे, कारण रंग बदलल्याचा नेमका क्षण टिपण्यातच १० मिलिग्रॅमची चूक सहज होते; उलट ८ मधून १ गेला, ही गोष्ट साध्यातला साधा अल्कता-संचही सांगू शकतो. प्रवाळांची भूक वाढली किंवा मंदावली, डोस देणारा पंप तुंबला, चुन्याच्या निवळीचे भांडे रिकामे झाले, या सर्व घटनांची पहिली वर्दी अल्कताच देते. असे असूनही अनेक जण कॅल्शियमच्या महागड्या संचावर पैसा खर्च करतात आणि अल्कतेसाठी हाताला येईल ती बाटली उचलतात, हे पाहून आम्हांला मनापासून वाईट वाटते.

अल्कतेचे संच मुख्यतः दोन पद्धतींचे मिळतात. दोहोंत मापून घेतलेल्या पाण्यात सौम्य अम्ल घालीत जावयाचे आणि दर्शकाचा निळसर-हिरवा रंग पालटून नारिंगी-गुलाबी झाला की थांबावयाचे, एवढे समान आहे. पण एकात थेंब मोजतात आणि दुसऱ्यात बारीक खुणांच्या सिरिंजने खर्च झालेले अम्ल मोजतात. जेथे एक थेंब म्हणजे १ डीकेएच असतो, तेथे ७.६ आणि ८.४ यांतला भेद कळणे अशक्य; नमुन्याचे पाणी दुप्पट घेतले तर एका थेंबाची किंमत अर्धा डीकेएच होते, ही युक्ती स्वस्त संच वापरणाऱ्यांनी अवश्य करावी. बाटली तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून ती दर वेळी सरळ उभीच धरली पाहिजे. मृदू प्रवाळांच्या टाकीला एवढे पुरते. परंतु जेथे पाषाणप्रवाळ झपाट्याने वाढत आहेत आणि डोस रोजच्या रोज ठरतो, तेथे सिरिंजचा संच किंवा अल्कतेचा कलरिमीटर यांखेरीज गत्यंतर नाही. पाषाणप्रवाळांचा उल्लेख आला आहे, तर हेही सांगणे प्राप्त आहे, की २००१ पासून आपल्या देशात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे साक्षात वाघाच्या पंक्तीला, बसविलेले आहेत; त्यांच्या उगमाचा दाखला पाहिल्यावाचून कोणीही ते घरी आणू नयेत.

साक्षीदार प्रामाणिक असूनही त्याची साक्ष कशी बिघडते, याचा एक अनुभव प्रस्तुत लेखकाच्या पदरी आहे. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात, त्याच्या देखरेखीखालील एका टाकीची अल्कता ७ पर्यंत उतरल्याचे दिसू लागले. संच नामांकित होता, मुदत संपलेली नव्हती, रंगाचा पालट स्वच्छ होता, म्हणून शंकेला जागा न ठेवता डोस वाढविण्यात आला, आणि पंधरवड्याच्या आत फांद्यांच्या प्रवाळांची टोके पांढरी पडून त्यांवरील मांसल आवरण झडू लागले. पुढे ज्ञात मूल्याच्या द्रावणावर तोच संच लावून पाहिला, तेव्हा ८.४ च्या जागी त्याने ६.३ दाखविले. अम्लाच्या बाटलीचे झाकण नीट बसलेले नव्हते. खिडकीशेजारच्या उष्म्याने त्यातील पाण्याची वाफ होऊन गेली आणि मागे राहिलेले अम्ल तीव्र झाले. तीव्र अम्लाचे कमी थेंब पुरतात, कमी थेंब म्हणजे कमी आकडा, आणि कमी आकडा म्हणजे अधिक डोस! जेव्हा संच ७ म्हणत होता, तेव्हा पाण्यात प्रत्यक्ष साडेनऊच्या आसपास अल्कता होती. कसूर बनविणाऱ्याची नव्हती, ती सर्वस्वी वापरणाऱ्याची होती. आणि त्या कसुरीची शिक्षा ज्यांचा तिच्याशी काडीमात्र संबंध नव्हता, अशा मुक्या जीवांना भोगावी लागली.

त्या दिवसापासून आमचा आग्रह असा, की प्रत्येकाने ज्ञात मूल्याचे द्रावण घरी करून ठेवावे. खाण्याचा सोडा ताजा व शुद्ध घ्यावा. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा छोटा काटा आता कोठेही मिळतो, त्यावर २.५२ ग्रॅम सोडा तोलून तो एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा. या द्रावणातून १०० मिलिलिटर घेऊन त्यात तसेच पाणी घालून पुन्हा एक लिटर करावा. या दुसऱ्या द्रावणाची अल्कता ३ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच ८.४ डीकेएच असते. आपला संच यावर काय बोलतो ते पाहिले, की त्याची खरी पत तत्काळ कळते, आणि फरक थोडा व स्थिर असेल तर तो वजा करून संच खुशाल वापरता येतो. अशी उलटतपासणी झालेला मध्यम किमतीचा संच, कधीच न तपासलेल्या उंची संचापेक्षा आम्ही शतपटीने श्रेष्ठ मानतो.

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांची पातळी सावकाश हलते. अनुक्रमे आठवड्याने व महिन्याने केलेली मोजणी बहुतेकांना पुरते, आणि त्यासाठी कोणत्याही जबाबदार कंपनीचा अनुमापनाचा संच चालतो.

फॉस्फेटाची गोष्ट मात्र निराळी आहे. मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली रूढ केलेल्या पद्धतीत फॉस्फेटाच्या प्रमाणात निळा रंग उमटतो, आणि बहुतेक संच त्याच रसायनावर आधारलेले आहेत. पण प्रवाळटाकीत ज्या ०.०३ आणि ०.१० मिलिग्रॅमच्या दरम्यान आपला सारा निर्णय घुटमळतो, त्या पट्ट्यात हा रंग इतका फिका असतो, की तो कागदी पट्टीशी ताडून पाहणे म्हणजे डोळ्यांवर अन्याय आहे. येथे खिशात मावणाऱ्या कलरिमीटरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. तरीही यंत्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे: ज्याच्या पत्रकात ०.०२ मिलिग्रॅमची कमीअधिक चूक मान्य केलेली आहे, त्याने ०.०३ दाखविले असता खरे मूल्य ०.०१ पासून ०.०५ पर्यंत कोठेही असू शकते. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा वा आत एखादा बुडबुडा राहिला, तरी आकडा चढतो. काही यंत्रे फॉस्फेट न दाखविता फॉस्फरस दाखवितात. तो आकडा ३.०७ ने गुणला पाहिजे. नायट्रेटाच्या संचांतही काहींत नायट्रेट-नायट्रोजन मोजलेला असतो आणि तेथे गुणक ४.४३ आहे, हा तपशील पत्रकात न पाहिल्याने कित्येकांनी आपली टाकी आहे त्याहून चौपट स्वच्छ समजली आहे. नायट्रेटाचे बहुतेक संच आधी नायट्रेटाचे नायट्राइट करून मग त्याचा गुलाबी रंग मोजतात, त्यामुळे नव्याने बसविलेल्या टाकीत मुळातच नायट्राइट असेल तर आकडा भलताच फुगतो. रंग नेहमी दिवसाच्या पसरलेल्या उजेडात पाहावा. टाकीवरील निळ्या दिव्याखाली गुलाबी रंगाची साक्ष काढणे निरर्थक आहे.

खरेदीच्या वेळी खोक्यावरील मुदतीची तारीख व उत्पादनाचा गट-क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग दुकान क्रॉफर्ड मार्केटातील असो वा माल टपालाने येणारा असो. उन्हाळ्यात कुरियरच्या गोदामात पडून राहिलेला संच तारखेने तरुण असला तरी गुणाने म्हातारा झालेला असू शकतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत पुड्यांतील व बाटल्यांतील चूर्णे ओल धरून गोळा होतात, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवावीत. ज्याच्या बाटल्या सुट्या भरून मिळत नाहीत, असा संच कितीही नावाजलेला असला तरी टाळावा; कारण दर चार महिन्यांनी साक्षीदार बदलला, तर मागील नोंदींशी पुढील नोंदींचा मेळ बसत नाही. परदेशी प्रयोगशाळेत नमुना धाडून करून घेतलेली आयसीपी चाचणी सूक्ष्म धातूंसाठी उपयुक्त आहे खरी, पण ती अल्कता मोजीत नाही, आणि तिचा अहवाल हाती येईपर्यंत टाकीतील पाणी नमुन्यातल्यासारखे राहिलेले नसते.

वाचकांना आमची एक विनंती आहे. वर सांगितलेले सोड्याचे द्रावण या महिन्यात करून आपल्या अल्कता-संचाने ते तीनदा मोजावे, आणि तिन्ही आकडे, संचाचे नाव, गट-क्रमांक, मुदतीची तारीख व बाटली फोडल्याचा महिना एवढा मजकूर एका कार्डावर लिहून आमच्या कार्यालयाकडे पाठवावा. पुरेशी कार्डे जमताच त्यांचा तक्ता याच पानावर, कोणाचीही भीड न धरता, जसाच्या तसा छापण्यात येईल.