चिकन बर्गर घरी करा, पण प्रश्न दुकानापर्यंत न्या

बाहेर कुठे विषबाधा झाली की आपल्याकडे एकच सल्ला फिरतो. 'बाहेरचं खाऊच नका, घरी करून खा.' व्हॉट्सॲपवर तोच, सोसायटीच्या ग्रुपवर तोच, आणि थोड्या सरकारी भाषेत अधिकाऱ्यांच्या तोंडीही तोच.

सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. म्हणून आज चिकन बर्गरबद्दल लिहितोय. घराघरातल्या पोरांना हवा असतो, गल्लीगल्लीत त्याचा गाडा उभा आहे, आणि घरी करायलाही सोपा आहे.

आधी घरचं बघू. अर्धा किलो लेग बोनलेस घ्या. नुसत्या ब्रेस्टची पॅटी कोरडी होते. दुकानातून तयार खिमा आणू नका, तुकडे आणा आणि घरी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर, मिरपूड, मीठ आणि ब्रेडच्या दोन स्लाइसचा चुरा. पाच पॅटी होतात. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तव्यावर सुटत नाहीत. पॅटी पातळ थापा, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा आणि शेवटी झाकण ठेवून वाफ काढा.

खिमा घरी का करायचा, ते समजून घ्या. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा केला की तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणून पॅटी बाहेरून खरपूस आणि आतून कच्ची असली, तर ती साध्या तुकड्यापेक्षा जास्त घातक. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक पॅटी मधोमध मोडून बघा, गुलाबी दिसली तर परत तव्यावर.

आणखी दोन गोष्टी. चिकन नळाखाली खळाखळा धुऊ नका. त्यानं जंतू जात नाहीत, उडालेल्या थेंबांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. जंतू मरतात ते शिजवल्यावर. आणि काकडी-टोमॅटो आधी चिरून बाजूला ठेवा, त्याच पाटावर चिकननंतर चिरू नका.

मेयोनीज कच्च्या अंड्याचं नको. केरळने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी. तेलंगणाच्या बंदीआधी हैदराबादेत मोमो खाऊन एका महिलेचा मृत्यू झाला होता. घरी चक्का, लसूण, मिरपूड आणि थोडं लिंबू कालवा. पोरं बोटं चाटतात.

झालं. घरचा भाग इथे संपतो. आता मला सांगा, हे सगळं केलं तरी ते चिकन आलं कुठून?

आपल्यातले बहुतेक जण कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो. डोळ्यांसमोर कापलं म्हणजे ताजं आणि ताजं म्हणजे सुरक्षित, हा आपला हिशोब. जरा पुढच्या वेळी थांबून बघा. पिंजरा, कापायची जागा आणि विक्रीचा ओटा, सगळं एकाच खोलीत. दिवसभर तोच सुरा, तोच लाकडी ठोकळा, तीच पाण्याची बादली आणि तोच पुसायचा कपडा. एका कोंबडीच्या आतड्यातलं पुढच्या दहा कोंबड्यांना लागतं. त्यात कोंबडी ताजी की शिळी, हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं नियमात नाही असं समजू नका. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि परवान्यांचे नियम २०११ पासून लागू आहेत. मांसाच्या दुकानाचा ठोकळा कसा असावा, हत्यारं कशी असावीत, कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं, इथपर्यंत त्यात लिहिलंय. कागद भक्कम आहे हो. तो कागद घेऊन दुकानात जाणारा माणूस दिसत नाही.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. संशय प्रामुख्याने दूषित पाण्यावर होता. पण हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यातही सर्रास असतो, त्यामुळे लोकांनी चिकन सोडलं. सूचना आली, 'पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवून खा.' म्हणजे पाणी आम्ही उकळायचं, चिकन आम्ही शिजवायचं. मग पाणी शुद्ध देणं आणि दुकान तपासणं कुणाचं काम?

आणि पालिकांना चिकनची दुकानं दिसत नाहीत असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, १९८८ च्या ठरावाचा आधार देऊन. इतरही काही महापालिकांचे तसेच आदेश होते. त्यावरून आठवडाभर राजकारण पेटलं, दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. बंदी हवी की नको यावर तुमचं मत काहीही असो. माझा मुद्दा साधा आहे. एक दिवस दुकान बंद ठेवायला यंत्रणा एवढी तत्पर असते, मग उरलेले दिवस ते स्वच्छ ठेवायला का नाही? त्यावर एकही भाषण माझ्या ऐकण्यात आलं नाही.

कुणी म्हणेल, 'बाहेरचं खाऊ नका, प्रश्न मिटला.' सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पोराला हे सांगून बघा. त्याच्या खोलीत शेगडी पेटवायला परवानगी नसते. मेसला सुट्टी असली की तो गाड्यावरच जाणार. मे २०२४ मध्ये मानखुर्दला शोरमा खाऊन एक तरुण गेला. वय १९. त्याच वयाची हजारो पोरं रोज रात्री आपल्या शहरात गाड्यांवर जेवतात. घरी करून खाणं ही ज्याच्याकडे ओटा, फ्रीज आणि वेळ आहे त्याची सोय आहे. शहराचं आरोग्य तेवढ्यावर चालत नाही.

गाडेवाल्यांवर आणि दुकानदारांवर दात धरून मी लिहीत नाहीये. पहाटेपासून राबणारी माणसं आहेत ती. त्यांना पुरेसं पाणी, सांडपाण्याची वाट आणि कोंबडीचा कचरा उचलणारी रोजची गाडी मिळाली तर अर्धी घाण आपोआप जाईल. ती सोय न देता नुसता दंड लावला, तर हप्ता वाढेल, स्वच्छता वाढणार नाही.

म्हणून तीन मागण्या. प्रत्येक प्रभागातल्या मांसाच्या दुकानांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि तिचा निकाल दुकानाच्या दारावर लागावा. चिकनचा कचरा पालिकेनं रोज वेगळा उचलावा, तो ओढ्यात जाऊ नये. आणि गाड्यांना नळाचं पाणी मिळेल अशा जागा द्याव्यात.

आपणही थोडं करूया. दुकानात १४ आकडी परवाना क्रमांक लावलाय का ते बघा. सुरा धुवायला सांगा, लाजू नका. दाद मिळाली नाही तर फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार टाका. आणि नगरसेवक पुढच्या वेळी हळदीकुंकवाला किंवा आरतीला भेटले की एवढंच विचारा, 'आपल्या प्रभागातलं चिकनचं दुकान शेवटचं कधी तपासलं?'

उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर तेही टाका.