सुपरहीरो बॉब!

आधीच सांगते, मी पडले कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने निस्तरावं.

2025 च्या डिसेंबरात 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पाचवा आणि शेवटचा सीझन संपला आणि आमच्या विंगमध्ये सगळं पहिल्यापासून बघायची साथच पसरली. एक लॅपटॉप, सात मुली, पिशवीभर फरसाण. दुसऱ्या सीझनला (हा 2017 चा, नऊ एपिसोडचा) भांडणं झाली. सगळ्यांचं मत, हीरो म्हणजे खिळे ठोकलेली बॅट घेऊन पोरं सांभाळणारा स्टीव्ह. त्या गोंगाटात माझं कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितेय. हीरो बॉब न्यूबी! (ज्यांनी बघितलं नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडणार आहे.)

गोष्ट 1984 ची. अमेरिकेत इंडियाना राज्यातलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव. विल हा मुलगा एका अंधाऱ्या, उलट्या जगात अडकून परत आलाय, पण ते जग काही त्याची पाठ सोडत नाही. बॉब हा त्याच्या आईचा मित्र. गोलमटोल, जरासा बावळट, रेडिओशॅक या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरीला. आपण त्याला हसतो.

लोक म्हणतात हा सीझन म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया. घोस्टबस्टर्सचे ड्रेस, डिग डगचं मशीन, वॉकीटॉकी... खरंय. गंमत म्हणजे मालिका करणारे जुळे डफर बंधू जन्मलेच 1984 मध्ये. ज्या वर्षासाठी उसासे टाकायचे, त्या वर्षी स्वारी पाळण्यात! मग मी वीस वर्षांच्या मुलीने चार उसासे उसने घेतले तर काय बिघडलं? पण वस्तूंची मजा दोन-तीन एपिसोडमध्ये ओसरते. सातव्यात तर ऐन रंगात आलेली गोष्ट सोडून इलेव्हनला शिकागोला पाठवलंय. आम्ही तेवढ्यात मेसमध्ये जेवून आलो, काही अडलं नाही.

बॉबचं तसं नाही. विल घाबरलेला असताना बॉब त्याला स्वतःचं लहानपण सांगतो. स्वप्नात एक विदूषक यायचा, एके दिवशी मी पळालो नाही, त्याला निघून जा म्हणालो आणि तो गेला. विल तसंच करतो, आणि ती सावली थेट त्याच्या अंगात शिरते! मनापासून दिलेला सल्ला, आणि नेमका उलटा पडलेला. आपल्या घरून असे किती सल्ले येतात ते मोजा.

आठव्या एपिसोडमध्ये प्रयोगशाळेची वीज गेलेली, दारं बंद, आत राक्षसी कुत्रे मोकाट. कुणीतरी तळघरात जाऊन ब्रेकर चालू करायचे आणि कॉम्प्युटरवरून कुलपं उघडायची. त्यासाठी बेसिक ही भाषा यायला हवी. बंदूकवाल्या हॉपरला ती येत नाही. बॉबला येते, म्हणून बॉब जातो. चार आकडी पासवर्ड, म्हणजे दहा हजार शक्यता, लूपच्या आत लूप. फर्स्ट इयरला आपण हेच लिहिलं आणि व्हायवात तत-पप केलं! दारं उघडतात, बाकीचे सुटतात. बॉब सुटत नाही. नंतर कळतं की शाळेतल्या ज्या एव्ही क्लबमध्ये ही पोरं पडीक असतात, तो मुळात बॉबनेच सुरू केलेला.

इथे मी रडले. रूममेटला वाटलं सर्दी झालीय.

बाबांचं तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शाळेच्या फॉर्मवर मी 'बिझनेस' लिहायचे. मैत्रिणीच्या गाडीतून जाताना दुकान आलं की मी पलीकडच्या बाजूला बघायचे. आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात, सोल्डरिंगचं सामान मागच्या फळीवर गेलंय. (रेडिओशॅकनेही 2015 मध्येच दिवाळखोरी जाहीर केली होती.) मल्टिमीटर धरायला त्यांनी शिकवलं, आणि इथे लॅबमध्ये मी 'मला आधीपासून येतं' म्हणून मिरवते. कुणी शिकवलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री बाबांना फोन करून बॉबची अख्खी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. राक्षसांबद्दल एक शब्दही विचारला नाही. म्हणाले, "त्या दुकानात सुटे पार्ट मिळायचे का गं?"