गोश्त तुमचं, हाड आमचं

आमच्या गोंदिया जिल्ह्यात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. रोवणीची घाई असते, तरी एखादा बाप पोराचा हात धरून येतो, टीसी टेबलावर ठेवतो आणि निघताना म्हणतो, "सर, गोश्त आपका, हड्डी हमारी." म्हणजे हवं तेवढं मारा, फक्त हाड मोडू नका. पोरगं शेजारी उभं राहून हे ऐकत असतं. मी अनेक वर्षं यावर हसत आलो. आपल्या समाजात उस्तादाला किती मान आहे, असं वाटून छातीही फुगायची.

आता मी सांगतो, "भाई, गोश्तही नको आणि हाडही नको." त्यावर माणसं नाराज होतात. मग हा सुधारणार कसा, विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त माझ्या मास्तर भावंडांसाठी.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी घालतं आणि मानसिक छळालाही. पहिली बंदी सगळ्यांना ठाऊक आहे, दुसरी स्टाफरूममध्ये कुणी वाचलेलीच नाही. छडी गेली, जीभ राहिली. मी कुणाला शिकवायच्या लायकीचा नाही, हेही कबूल करतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका मुलाच्या कानाखाली मारली होती.

पण मला झोपू देत नाही ती दुसरीच गोष्ट. आपली कितीतरी मुलं सातवी-आठवीपर्यंत उर्दूतून शिकतात आणि पुढे जवळ उर्दू हायस्कूल नसलं की मराठी वर्गात येऊन बसतात. घरात हिंदी, मकतबात अरबी, पाटीवर उर्दू, आणि अचानक विज्ञान मराठीतून. असाच एक मुलगा माझ्या वर्गात आला. वाचायला उभा केला तर 'प्रकाशसंश्लेषण' या शब्दावर अडला. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प करायला हवं होतं. मी स्वतःच एक टोमणा मारला. चाचणीत गुण कमी पडले तेव्हा बापाला बोलावलं, त्याने माझ्यासमोरच पोराला बदडलं. त्यानंतर मुलगा शांत झाला. ना मस्ती, ना प्रश्न. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "बघा, आला अदब."

पुढे तो अकरा दिवस शाळेत आला नाही. मला वाटलं आजारी असेल. घरच्यांना वाटत होतं शाळेत आहे, कारण रोज सकाळी डबा घेऊन तो निघायचा. राइस मिलच्या मागे भुशाच्या ढिगाजवळ दिवसभर बसून राहायचा. मिलच्या एका हमालाने येऊन सांगितलं तेव्हा कळलं. तिथे का बसतोस, विचारलं. म्हणाला, "घर में नंबर पूछते, स्कूल में मराठी पूछते. वहाँ कोई कुछ नहीं पूछता."

आमच्या माराने तो मुलगा मराठी शिकला नव्हता. बेमालूम खोटं बोलायला मात्र शिकला होता.

ही अडाणी बापांची गोष्ट आहे, असं म्हणून कुणी सुटू नये. जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या नेलकरंजी गावी, सतरा वर्षांची मुलगी बापाच्या मारहाणीत मेली. दहावीला नव्वद टक्क्यांवर गुण मिळवलेली, नीटची तयारी करणारी मुलगी. सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून जात्याच्या लाकडी खुंट्याने तिला मारल्याच्या बातम्या आल्या. बाप मुख्याध्यापक होता. आमच्याच पेशातला! घर मुसलमानाचं नव्हतं, म्हणून आपल्या मोहल्ल्यात ती बातमी दोन दिवसांत विसरली गेली. 2022च्या सरकारी आकडेवारीत देशभरात 13 हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे. त्यात जातधर्म शोधत बसायचं का?

आता आपल्याकडचा ठेवणीतला युक्तिवाद. सात वर्षांचं झालं की मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, ही हदीस प्रत्येक बापाला पाठ असते. बाकीचा दीन पाठ नसला तरी चालतो. सातव्यापासून दहाव्यापर्यंत तीन वर्षं, रोज पाच वेळा. पाच हजारांहून जास्त वेळा तोंडाने सांगायचं आहे. तुम्ही किती वेळा सांगितलंत? आणि उलेमांनी त्या मारालाही मर्यादा घातल्या: तोंडावर नाही, इजा होईल असा नाही, रागाच्या भरात नाही. शिवाय ती गोष्ट नमाजची आहे. गणितातल्या सदतीस गुणांना ती कुणी लावली?

हजरत अनस (र.) लहानपणापासून दहा वर्षं प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. त्या दहा वर्षांत प्रेषितांनी आपल्याला कधी 'उफ'देखील म्हटलं नाही, असं ते सांगतात. मला दहा मुलं आहेत, एकाचाही मुका घेतला नाही, असं फुशारकीने सांगणाऱ्या सरदाराला प्रेषितांनी काय सुनावलं, तेही बुखारीत आहे. या हदीसा जुम्म्याच्या बयानात कमी ऐकू येतात.

मूल उदास राहतं, जेवत नाही, झोपत नाही, तर म्हणे ईमान कमजोर आहे. मग ताविज. हजरत याकूब (अ.) पैगंबर होते, मुलाच्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडल्याचं कुरआन सांगतं. त्यांचं ईमान कमजोर होतं का? आणि त्याच सूरेच्या सुरुवातीला बघा, यूसुफ आपलं विचित्र स्वप्न बापाकडे घेऊन जातो. बाप ऐकून घेतो, हसत नाही. तुमचं पोरगं आपलं स्वप्न कुणाला सांगतं? दुआ जरूर करा, पण डॉक्टरलाही दाखवा. गोंदियात 2016पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. 14416 हा टेलीमानसचा मोफत फोन आहे, मुलांसाठी 1098 आहे. दोन्ही नंबर मी वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

तो मुलगा पुढे दहावी पास झाला, काठावर. आता बाहेर कुठे कामाला आहे. मी माफी मागितली तेव्हा तो फार लाजला, त्याला ते नीट कळलंही नसावं.

यंदाही एक बाप तेच वाक्य म्हणाला. मी मुलाला त्याचं नाव विचारलं. साधं नाव. सांगण्याआधी तो बापाकडे बघत होता. मी बापाला चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि पुन्हा विचारलं.