रंगाचें भांडें कोणाच्या हातीं?

आमच्या हिंजवडींत चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचें बगाड निघालें म्हणजे पोरासोरांच्या हातांतील मोबाइल उधळलेला गुलाल जसाच्या तसा टिपतो. त्याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. पण आपल्या देशांत हलत्या चित्रांत प्रथम रंग भरूं पाहणारे कोण, असें विचारलें तर शिकलेसवरलेले लोकही ‘किसान कन्या’चें नांव सांगून मोकळे होतात. आर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीनें १९३७ सालीं मुंबईस काढलेला हा बोलपट. त्याचा मान त्यास असो. परंतु त्याच्या चार वर्षें आधीं कोल्हापूरच्या कारागिरांनीं हाच डोंगर चढावयास घेतला होता. त्यांचें नांव कोठें आहे?

हे कोणी गबर कारखानदार नव्हते. यांचे गुरु बाबूराव पेंटर हे कोल्हापुरांतील मिस्त्री घराण्यांतले. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या गृहस्थांनीं परदेशी यंत्र पाहून आपला कॅमेरा गांवांतच बनविला, आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ काढून जमीन गमावलेल्या कुणब्याची कहाणी पडद्यावर मांडली. त्यांच्याच हाताखालीं विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम ही मंडळी तयार झाली. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह या चौघांनीं १९२९ सालीं ‘प्रभात’ कंपनी उभी केली, आणि १९३३ सालीं ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगांत काढण्याचें धाडस केलें.

धाडस म्हणण्याचें कारण असें कीं, साध्या फिल्मला रंग कळत नाहीं. तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. १८६१ सालीं मॅक्सवेल या पंडितानें लंडनमध्यें एक गोष्ट दाखवून दिली. तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणींतून एकाच वस्तूचीं तीन चित्रें घ्यावीं, आणि त्याच तीन रंगांच्या उजेडानें तीं एकमेकांवर पाडावीं, म्हणजे वस्तूचा मूळ रंग डोळ्यांस दिसतो. १९०७ सालीं फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनीं तर बटाट्याच्या सत्त्वाचे बारीक कण रंगवून काचेवर पसरले आणि रंगीत चित्रांच्या त्या काचा बाजारांत आणल्या! खेड-मंचरच्या बटाटे पिकविणाऱ्या आमच्या बांधवांनीं हें ध्यानांत ठेवावें. ‘सैरंध्री’च्या वेळीं मात्र हातीं होती ती दोनच रंगांची पद्धत. एका फिल्मनें तांबडी बाजू धरावयाची, दुसरीनें निळी-हिरवी.

चित्र घेतलें येथें; पण तें धुवून-छापून आणावें लागलें जर्मनींतून. रंग भडक आणि अस्वाभाविक उतरला, तो प्रेक्षकांस रुचला नाहीं, आणि प्रभातनें पुन्हां काळ्यापांढऱ्याची वाट धरली. मग या लोकांचे हात कच्चे होते काय? याच दामले-फत्तेलालांनीं १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ काढला, आणि पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. दोन रंगांत सारी सृष्टी मावत नाहीं, हें खरें. पण ‘किसान कन्या’ही दोनच रंगांचा होता. फरक एवढाच कीं, त्याची धुलाई-छपाई याच देशांत झाली.

रंगाऱ्यालाच विचारा. तो सूत भांड्यांत बुडवितो, वर काढतो, उन्हांत धरतो, फिकें वाटलें तर पुन्हां बुडवितो. ज्याचें भांडें सात समुद्रांपलीकडे, त्यानें रंग सुधारावा कसा?

कोणी म्हणेल, फसलेल्या प्रयोगाचे पोवाडे कशाला? बाबांनो, पहिला बांध फुटतो तेव्हांच पाण्याचा जोर कोठें आहे तें दुसरा बांध घालणाऱ्यास कळतें. शेतकऱ्यास हें सांगावयास नको.

आतां आपल्या गांवाकडे पाहा. जेथें आमचीं शेतें होतीं तेथें संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. आंतील पडद्यांवर दिसणारे लाखों रंग त्याच तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचे. आमचीं कांहीं मुलें आंत जाऊन तें काम करतात, त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण पुष्कळांच्या वांट्यास दारावरचा पहारा आणि गाडीचें चाक आलें. पहारा देण्यांत कमीपणा नाहीं. कोणतेंही कष्टाचें काम हलकें नव्हे. पण जमीन आमची आणि भांडें दुसऱ्याचें, हा व्यवहार पुढच्या पिढीपर्यंत चालूं द्यावयाचा काय?

आमचें मागणें दोन गोष्टींचें आहे. शाळेंत ‘किसान कन्या’चें नांव शिकवितां, तर त्याच्या आधीं १९३३ ची ‘सैरंध्री’ही शिकवा, आणि ती करणारांचीं नांवें फळ्यावर लिहा. पुण्यांत प्रभातच्या जुन्या जागेंत १९६० पासून चित्रपट शिकविणारी सरकारी संस्था आहे. आमच्या गांवचीं मुलें तेथें एकदां नेऊन आणा.

दुसरें मागणें आईबापांकडे. पोरगें बिघडलेला मोबाइल उघडून बसलें तर त्याच्या पाठींत धपाटा घालूं नका. आंत तीन रंग कसे बसविले आहेत, तें त्याला विचारा; आणि सांगतां आलें नाहीं, तर जेथें शिकवितात तेथें त्याला पाठवा.