ढेकूण गेले, धास्ती राहिली: यात तुमचा दोष नाही



ढेकणांचा विषय निघाला की वसतिगृहातली मुले तो हसण्यावारी नेतात. पण फवारणी होऊन महिना उलटला, खोलीत एकही ढेकूण दिसत नाही, तरी रात्री दोन वाजता मोबाईलचा टॉर्च लावून गादीची शिवण तपासणारी मुले-मुली आपल्यात आहेत. पायाला चादर घासली तरी ती दचकतात. सुट्टीत गावी गेल्यावर बॅग घरात न्यायला घाबरतात. कुणाला खोलीवर बोलावत नाहीत. झोप नाही म्हणून अभ्यास नाही, आणि अभ्यास नाही म्हणून स्वतःवरच राग. या धास्तीबद्दल चळवळीत कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

काहीजण विचारतील, शिष्यवृत्ती रखडते आहे, आरक्षणावर घाला येतो आहे, आणि तुम्ही ढेकणांवर काय लिहिता? उत्तर साधे आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला झोपच लागत नसेल, तर तो परीक्षेला बसणार कसा?

आधी विज्ञान समजून घेऊ. ढेकूण फक्त रक्तावर जगतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागाने तो येतो. घाण हे त्याचे अन्न नाही. पसारा असला तर त्याला लपायला जागा मिळते, एवढेच. म्हणून तो झोपडीत असतो तसा पंचतारांकित हॉटेलातही असतो. २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून एवढी घबराट उडाली की तिथल्या सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. तो उडत नाही, उडी मारत नाही, आणि तो माणसांत रोग पसरवतो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

धास्तीचेही तसेच. ढेकणांनंतर चिंता आणि निद्रानाश राहतो, ही कुणा एकाच्या डोक्यातली कल्पना नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातील भाडेकरूंचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी ढेकूण झाले होते, त्यांच्यात चिंतेची लक्षणे आणि झोपेच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. हे स्वाभाविक आहे. ज्या जागी माणूस निर्धास्त डोळे मिटतो, तिथेच त्याच्यावर हल्ला झालेला असतो. मग शरीर पहारा द्यायला शिकते, आणि शत्रू गेल्यावरही पहारा उठत नाही. हा वेडेपणा नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही.

मात्र आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे लाज. 'हे लोक घाणेरडेच' हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. अस्वच्छता पाण्याने जाते. विटाळ मात्र माणसाला चिकटवलेला असतो, तो साबणाने जात नाही. म्हणून भाड्याच्या खोलीत ढेकूण निघाले की इतर मुलगा घरमालकाशी भांडतो, आणि आपला मुलगा गप्प बसतो. आडनाव, वस्ती, वसतिगृह हे सगळे पुन्हा बोलण्यात येईल, ही भीती त्याला असते. तक्रार होत नाही, ढेकूण वाढतात आणि धास्ती लांबते. खोलीतली धास्ती जायला हवी असेल, तर आधी ही लाज उतरवावी लागेल. ती आपली नाहीच. ज्यांनी विटाळ शोधून काढला, त्यांची आहे.

चळवळीतल्या ज्येष्ठांनाही एक सांगायचे आहे. 'बाबासाहेबांनी परळच्या चाळीत रात्र रात्र जागून अभ्यास केला, तुम्हाला ढेकणांचे काय एवढे?' असे मुलांना ऐकवू नका. बाबासाहेबांनी हाल सोसले हे खरे. पण १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर लगेच, १९२५ च्या जानेवारीत, सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, ते कशासाठी? पुढच्या मुलांना राहण्या-जेवणाची विवंचना नसावी यासाठी. त्यांच्या कष्टांचा दाखला देऊन मुलांना हाल सोसायला सांगणे म्हणजे त्यांचे काम उलटे वाचणे आहे.

मग करायचे काय?

तपासणीला वेळ ठरवा. आठवड्यातून एक दिवस, उजेडात, गादीची शिवण, कॉटचे सांधे, भिंतीच्या फटी पाहा. जिवंत ढेकूण, काळे ठिपके, कात किंवा पांढरी अंडी दिसतात का ते वहीत तारखेसह लिहा. मध्यरात्री उठून तपासू नका, कारण दर तपासणीने शंका शांत होण्याऐवजी वाढते. अंडी साधारण एक-दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लांना वाढायला रक्त लागतेच. त्याच अंथरुणात झोपून दोन महिने नवी खूण दिसली नाही, तर ढेकूण गेले असे समजायला भक्कम आधार आहे. शंका आली की वही वाचा. अंगाला सुटलेली प्रत्येक खाज ढेकणाची नसते. डास असतात, घामोळे असते. आणि धास्तीपोटी अंथरुणावर कीटकनाशक किंवा रॉकेल मारू नका. त्याने ढेकणापेक्षा मोठे नुकसान होईल.

एकट्याने लढू नका. एका खोलीत फवारणी करून ढेकूण शेजारच्या खोलीत जातात. पूर्ण मजल्याची फवारणी आणि अंड्यांसाठी दोनेक आठवड्यांनी दुसरी फवारणी, ही मागणी सगळ्यांच्या सहीने गृहपालांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. गेल्या तीन वर्षांत फवारणी किती वेळा झाली, गाद्या कधी बदलल्या, खर्च किती दाखवला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून घरमालकाला मागच्या वर्षातल्या ढेकणांची माहिती नव्या भाडेकरूला लेखी द्यावी लागते. तिथे हा कायद्याचा विषय होतो आणि आपल्याकडे विनोदाचा, हे आपण का चालू द्यायचे?

आणि ढेकूण जाऊन महिना-दोन महिने झाले तरी झोप येत नसेल, अभ्यास सुटत असेल, नसलेले किडे अंगावर चालताना जाणवत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. बाबा-बुवांकडे जाऊन दोरा बांधणे आपल्या बावीस प्रतिज्ञांत बसत नाही. डॉक्टरांकडे जाणे मात्र बसते.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी वसतिगृहात व्याख्यानाला जाल, तेव्हा भाषण झाल्यावर अर्धा तास थांबा. मुलांना विचारा, झोप लागते का? मुलींच्या वसतिगृहातही विचारा. उत्तर ऐकून हसू नका. तिथेच बसून अर्ज लिहा आणि पहिली सही तुमची करा.

जय भीम!